सुनांची कबड्डी

संक्रांत सरली की आमच्या किन्हवलीच्या पट्ट्यात भाताच्या शेतांना दुसरं काम लागतं. कापणी-झोडणी आटपलेली असते, पेंढ्याच्या उडव्या कडेला उंच रचून झालेल्या असतात, आणि शेत नुसतं पडून असतं. मग एके दिवशी गावातली पोरं कुदळी-फावडी घेऊन येतात. धसकटं उपटतात, मालकाला विचारून, निदान विचारल्यासारखं करून, मधला बांध कापतात, पाणी मारून जमीन चोपतात, आणि बघता बघता भाताच्या जागी मैदान उभं राहतं. आंब्याला भोंगे चढतात. शेणव्यापासून शहापूरपर्यंत रस्त्याकडेला फलक लागतात. या फलकांवर खेळाडू शोधून सापडायचा नाही. वर मोठे पुढारी, मधे मधले पुढारी, खाली होऊ घातलेले पुढारी, आणि अगदी तळाला जागा उरलीच तर एक बॅट आणि एक चेंडू.

आज सकाळी मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. मी इथली सेविका. अंगणवाडी मैदानाला लागूनच, त्यामुळे भोंग्यातला शब्द न् शब्द आमच्या पातेल्यात येऊन पडतो. यंदाच्या चषकाचे गट वाचून दाखवत होते. क्रिकेट, खुला गट. क्रिकेट, चाळिशीच्या वरचे. कबड्डी, पुरुष. मी पळी हातात धरून थांबले. पुढे काही आलंच नाही, गाणं लागलं. एक पोर ताटली वाजवून म्हणालं, "बाई, मला नाय वाढलं." तेव्हा माझा हात हलला.

म्हणजे महिला गट नाही. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाटलं ते कोंडल्यासारखं. उघड्या माळावर उभं राहून कोंडल्यासारखं वाटतं का माणसाला? वाटतं. मैदान समोर असतं, चुन्याच्या रेघा आखलेल्या दिसतात, आणि आपली जागा खिडकीच्या आतली असते.

बायकांसाठी खेळ नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांचा नुसता पाऊस असतो. पुढाऱ्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला बायका गोळा करायचं काम अंगणवाडी सेविकांकडे न सांगता येतं. तिथं लिंबू-चमचा असतो, संगीत खुर्ची असते. भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांधावरून पळणाऱ्या बाया तोंडात चमचा धरून, लिंबू सांभाळत, लाजत चालतात आणि समोरचे लोक टाळ्या वाजवतात. संगीत खुर्ची तर मला फार आवडते. पुढाऱ्यांचा मुख्य खेळ ते आमच्याकडून खेळवून घेतात, एवढाच त्यात फरक.

माझं माहेर मुरबाडच्या अंगाला. आमच्या खळ्यावर झोडणी झाली की तेच खळं कबड्डीचं मैदान व्हायचं. शेणानं सारवलेलं, पायाला गार लागणारं. पडलं तर गुडघ्याला शेणाचा वास यायचा आणि कपड्यात भाताचं कूस शिरून रात्रभर टोचायचं. म्हसा गावची गुरांची जत्रा जवळ आली की माणसं बैलांच्या गोष्टी करायची आणि आम्ही मुली पकडींच्या. मी डाव्या कोपऱ्यात उभी राहायचे. कोपऱ्यातल्या खेळाडूचं काम वाट बघण्याचं. समोरची चढाई करून येते, पाय लांबवते, आणि तो पाय परत जायच्या आधीचा एक क्षण आपला असतो. तो क्षण ओळखायला मला कोणी शिकवलं नाही. लग्नानंतर मात्र नुसती वाट बघणं तेवढं राहिलं.

पण मला सांगायचाय तो हंगाम वेगळा. पंचायत समितीच्या निवडणुकीआधीचा. आमच्या गणाची जागा तेव्हा बायकांसाठी राखीव झाली होती. जागा राखीव झाली, पुढाऱ्यांच्या सौभाग्यवती उभ्या राहणार असं ठरलं, आणि चषकात अचानक महिला कबड्डी आली. बायकांच्या खेळाला उत्तेजन द्यायला हवं, हे साऱ्या तालुक्याला एकदमच सुचलं.

मग लक्षात आलं की यजमान आपण आणि आपल्या गावाचा महिला संघच नाही. नियम असा की खेळाडू गावातलेच हवेत. गावच्या खेळणाऱ्या लेकी लग्न होऊन गेलेल्या. आदिवासी वाडीतल्या मुली होत्या, एकेक अशी की पकडली तर मिठी सुटायची नाही. पण दिवाळी झाली की वाडी ओस पडते, सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर. मैदानाचा हंगाम आणि भट्टीचा हंगाम एकच, त्यामुळे त्या मुलींचं नाव भोंग्यातून कधी आलं नाही आणि येणारही नाही. उरल्या कोण? सुना.

मंडळाचे अध्यक्ष दोघातिघांना घेऊन आमच्या ओटीवर आले. मैदान आमच्याच शेतात होतं, आणि घरात दोन सुना, मी थोरली आणि कविता धाकटी. कविताचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तीही मुरबाडकडचीच, कॉलेजच्या संघातून खेळलेली, आणि चढाईत तिचा हात धरणारं कोणी नाही असं तिच्या माहेरची माणसं लग्नातही सांगत होती. आमच्या सासूबाईंनी तेव्हा ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं.

"बाबा, गावाच्या इज्जतीचा प्रश्न हाय," अध्यक्ष सासऱ्यांना म्हणाले. "दोघी सुना द्या आमाला."

"सुना काय टोपल्या हायेत, द्यायला?" बाबा म्हणाले. "त्यान्ला इचारा."

आम्ही दोघी दाराआड उभ्या होतो. आता विचारतील, म्हणून मी पदर सारखा केला. त्यांनी चहा प्यायला, तिळगूळ घेतला आणि निघून गेले. संध्याकाळी दीर सागर जर्सीची मापं विचारायला आला, तेव्हा कळलं की आम्ही हो म्हटलेलं आहे.

बाबांविषयी सांगायला हवं. बाबा एके काळचे नावाजलेले चढाईवाले. त्यांचा दम असा घुमायचा म्हणे की बांधापलीकडची गुरं माना वर करायची. आता घोट्यानं दगा दिला, हातात काठी आली, पण कबड्डी कुठंही असो, बाबा हजर. बोलणं फार कमी. आमच्याशी तर नाहीच. ओटीवरून खोकले की पाणी, दोनदा खोकले की चहा. त्यांनी आम्हाला कधी दुखावलं नाही, कधी आवाज चढवला नाही. पण त्यांच्यासमोर सुनांचा आवाज ऐकू येऊ नये, ही आमच्या घरातली रीत. ती कोणी सांगितली नव्हती. अंगणवाडीत माझा आवाज नदीपल्याड जातो, पोरं कान झाकतात. त्याच आवाजानं मी घराच्या पायरीपर्यंत येते, ओटीवर बाबांचं धोतर दिसतं, आणि आवाज आपोआप निम्मा होतो. तो कोणत्या वर्षी निम्मा व्हायला लागला हे मला आठवत नाही. सासूबाईंना जेवायला बोलवायचं असलं तरी आम्ही वाटी वाजवतो.

सरावाला आम्ही सातजणी दुपारी जमायचो, घरामागच्या खळ्यावर. पुरुष कामावर, कुणी आसनगावला कंपनीत, कुणी लोकल धरून पुढं. बाबा गुरांमागे. ओढणी कमरेला बांधून कविता मध्यरेषेवर उभी राहायची, मातीला हात लावून कपाळाला लावायची आणि शिरायची. काय आवाज होता तिचा! कबड्डी-कबड्डी म्हणताना मधे श्वासाची फट दिसायची नाही. मी कोपऱ्यात उभी असताना एक पाऊल मागे सरायचे, आणि त्याचं मला सुख वाटायचं. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला घाबरवत होतं. खेळून झालं की आम्ही खळ्यावरच बसायचो, वालाच्या शेंगा सोलल्यासारखं करायचो, म्हणजे कोणी आलंच तर काम चाललेलं दिसावं.

सामन्याच्या दिवशी सगळा गाव लोटला. पुढारी सहकुटुंब आले. जमिनीचे मालक म्हणून बाबांना शाल-नारळ देऊन पहिल्या रांगेत, पुढाऱ्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. पंचांनी दागिने उतरवायला सांगितले तेव्हा पहिली कुजबुज झाली. मंगळसूत्र काढायचं म्हणजे काय? शेवटी ती आत सरकवून वर चिकटपट्ट्या लावल्या, बांगड्यांवर रुमाल गुंडाळले. समोरचा संघ कविताच्या माहेराजवळचा निघाला. तिच्याबरोबर खेळलेल्या मुली, बहुतेक बिनलग्नाच्या. त्या आपापल्या गावच्या लेकी होत्या. आमच्या जर्सीवर गावाचं नाव होतं आणि आम्हा सातजणींपैकी एकही त्या गावात जन्मलेली नव्हती. त्या दिवशी लेकी विरुद्ध सुना असा सामना होता. भोंग्यातून हे कोणी बोललं नाही, पण मला ते स्पष्ट दिसत होतं.

त्या आल्या त्या ओरडतच. एकेकीचा दम भोंग्याला भारी. मग कविताची पाळी आली. "चढाईला येत आहेत, जमीनमालक बाबांच्या धाकट्या सूनबाई," भोंगा म्हणाला. कविता रेषेवर वाकली, माती कपाळाला लावली, मान वर केली, आणि समोर तिला बाबा दिसले.

ती शिरली. पाय तेच, वेग तोच. पण आवाज नाही. ओठ हलत होते. देवापुढे पुटपुटावं तसं काहीतरी चाललं होतं. पंचांनी कान पुढे केला, शिट्टी मारली, ताकीद दिली. "उच्चार ऐकू येत नाही. मोठ्यानं म्हणा." पुढच्या चढाईला तिनं समोरचीला शिवलंसुद्धा, पण पुन्हा शिट्टी, आणि गुण समोरच्या संघाला. लोक हसले. समोरच्या कोपऱ्यातली तिची मैत्रीण ओरडली, "कविते, आवाज कुठं ठेवलास गो? पेटीत ठेवून आलीस का?"

मला रडू आलं. हसायचीच गोष्ट होती खरी, आमच्यासारख्याच बायकांच्या हातून घडणारी चूक. तयारी सगळी केली, पकडी घोटल्या, पायांना तेल लावलं, आणि कबड्डी मोठ्यानं म्हणावी लागते, तीही सासऱ्यांच्या समोर, हे सातजणींपैकी एकीच्याही ध्यानात आलं नाही. खेळाचा नियम सांगतो, आवाज आला नाही तर तू बाद. घराचा नियम सांगतो, आवाज आला तर तू बाद. त्या दोन रेघांच्या मधे ती बिचारी उभी होती.

तेवढ्यात बाबा उठले. शाल खुर्चीवर ठेवली, काठी घेतली आणि कोणाकडेही न बघता मैदानातून निघून गेले. सासूबाईंचं तोंड उतरलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पुढाऱ्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी, सगळ्या गावाला दिसेल अशी. कविताला वाटलं, रागावले. मलाही तेच वाटलं. त्यानंतरच्या चढाईत तर तिचे ओठही हलेनात, ती नुसती आत जाऊन परत आली. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा आम्ही चांगल्याच मागे होतो.

पाण्याचा माठ पेंढ्याच्या उडवीमागे सावलीत ठेवलेला होता. मी घसा ओला करायला गेले, आणि बघते तर उडवीला पाठ लावून बाबा उकिडवे बसलेले. मैदानाकडे पाठ. मी पदर शोधायला लागले, अंगात जर्सी, पदर कुठला? तशीच खाली मान घालून उभी राहिले. भोंगा ओरडत होता, "जमीनमालक बाबा जिथं असतील तिथून त्यांनी व्यासपीठाकडे यावं, साहेब विचारतायत."

बाबांनी काठीनं जमिनीवर एक रेघ ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला सांग, मी इथं नाय."

मला आधी कळलंच नाही. मग ते पुन्हा म्हणाले, जरा चिडून, "सांग ना गो. म्हातारा गेला. मैदानात नाय. आता काय तो घसा फोडा."

मी धावत आले. कविताच्या कानात सांगितलं, "बाबा नाहीत. बाबांनी सांगितलंय, ते इथं नाहीत." ती माझ्याकडे बघतच राहिली. "कुठं गेले?" मी डोळ्यांनी उडवी दाखवली. उडवीच्या कडेनं काठीचं टोक तेवढं दिसत होतं. तिनं एकदा रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा काठीकडे, आणि तोंडावर हात घेऊन हसली.

त्यानंतरचा तिचा आवाज मी अजून विसरलेले नाही. तिनं रेषा ओलांडली ती बोंब ठोकल्यासारखीच. भोंगेवाला मधेच गप्प झाला. समोरच्या लेकी मागे सरकल्या. दोघींना शिवून परत, पुन्हा एक, पुन्हा एक, आणि दर वेळी तो दम मैदानावरून, खुर्च्यांवरून, फलकांवरून जाऊन उडवीवर आपटत होता. मग मलाही माझा आवाज सापडला. कोपऱ्यातून मी "धर! धर गो!" अशी किंचाळले, की माझा नवरा, प्रेक्षकांत उभा होता तो, दचकला. मी एक पाय धरला तो सोडला नाही. गुडघ्याला तोच जुना वास आला.

आम्ही हरलो, अगदी थोडक्यात. न ऐकू आलेल्या चढायांनी घात केला. उत्कृष्ट चढाईचं बक्षीस कविताला मिळालं, साहेबांच्या सौभाग्यवतींच्या हस्ते, आणि भोंग्यानं तेव्हाही तिचं नाव घेतलं नाही. धाकट्या सूनबाई. बाबा सगळं आटपल्यावर, गुरांकडून आल्यासारखे, लांबून फिरून आले. घरी सगळं रोजच्यासारखं. बाबा खोकले, मी पाणी नेलं.

मी या गोष्टीचा खूप विचार केला आहे. बाबांनी केलं ते मोठं होतं, यात मला शंका नाही. पण त्यांना रीत मोडता आली नाही, फक्त तिच्या आड जाऊन बसता आलं. साऱ्या तालुक्याची कबड्डी बघितलेल्या माणसानं घरातली सर्वांत चांगली चढाई पाठ फिरवून नुसती ऐकली. ज्याला ती बघायची सर्वांत जास्त हौस होती, तोच उठून गेला, कारण तो असता तर ती झालीच नसती. कोंडलेल्या आम्ही दोघीच आहोत असं मी समजत होते. उडवीमागे आणखी एकजण होता.

निवडणूक झाली, सौभाग्यवती निवडून आल्या, फलकावर साहेबांचा फोटो मोठा आणि सौभाग्यवतींचा लहान झाला. सामन्याच्या दिवशी माझ्या मनात आलं होतं की आता दर वर्षी असंच. खुळी मी. आता जागा पुन्हा खुली झाली आहे. खुली म्हणजे कोणासाठी, हे भोंग्यानं आज सकाळी सांगितलं.

दुपारी घरी आले ती पाय आपटतच. कविता मागच्या परसात वाल पाखडत बसली होती. तिचं पोर आत झोपलेलं. मैदानावरून पुरुषांच्या कबड्डीचा गलका येत होता, शिट्ट्या, टाळ्या. बाबा यंदा गेलेच नव्हते. परसाच्या कडेला बाजेवर बसून काठी चाळवत होते.

"ऐकलंस?" मी हळूच विचारलं.

"ऐकलं," ती म्हणाली. सूप हलत होतं. टरफलं उडत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की सुपाच्या ठेक्यावर तिचे ओठ हलतायत. कबड्डी, कबड्डी. अगदी बारीक, मलाच कसंबसं कळेल इतकं. मी तिच्याशेजारी टेकले.

बाजेची दोरी करकरली. बाबा उठले. आमच्याकडे न बघता, घोटा सांभाळत, परसातल्या पेंढ्याच्या उडवीमागे गेले आणि दिसेनासे झाले. कविताचं सूप थांबलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मैदानावर कोणाची तरी पकड झाली असावी, मोठा आरडाओरडा झाला आणि विरला.

मग उडवीमागून आवाज आला, "पंचाला आयकू येत नाय गो."